तिसऱ्या पानावरचं नाव

यंत्रातून तिसरं पान बाहेर आलं तेव्हा अंबोकिलेने सवयीने ते उचललं, काठ जुळवले आणि शाई नीट उतरली आहे ना एवढंच बघायला नजर टाकली. दिवसाला शेकडो कागद त्याच्या हाताखालून जात. शाळांचे पेपर, लग्नाच्या पत्रिका, मयताच्या सूचना, चर्चच्या सभांची निमंत्रणं. म्बेया शहरात बस स्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं, आणि एकोणीस वर्षांत त्याने कागद वाचणं सोडून दिलं होतं. तो कागद बघायचा. काळं काळं आहे का, पांढरं पांढरं आहे का. पण त्या पानाच्या मध्यावर एक ओळ होती आणि ती त्याने बघितली नाही, वाचली. हक्कदार: सेकेला म्वाकातोबे. गाव लुसुंगो. उत्तरेला ओढा, पूर्वेला चहाचा मळा, दक्षिणेला अंडुलिले यांची केळीची बाग, पश्चिमेला वाट. कागद अजून गरम होता. तो त्याने तसाच हातात धरून ठेवला, आणि यंत्र चौथं पान, पाचवं पान बाहेर टाकत राहिलं.

"काका, तिसरं पान जरा गडद येऊ द्या," काउंटरच्या पलीकडची मुलगी म्हणाली. तिच्या गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांवर लाल माती वाळली होती. "म्हाताऱ्या बायका येऊन त्यावर बोट ठेवतात. वाचता येत नाही, पण आपलं नाव कुठे आहे ते विचारून घेतात आणि मग रोज येऊन बोट ठेवतात. फिकं आलं तर चार दिवसांत पुसून जातं."

"कसली यादी आहे?" त्याने विचारलं, जणू त्याला कळलंच नव्हतं.

"लुसुंगोची मोजणी झाली ना. गावात यादी लावायची, तीस दिवस वाट बघायची. कुणाची हरकत नसेल तर दाखले." मुलीने त्याच्या हातातल्या पानाकडे बघितलं. "ह्या सेकेलाबाईंच्या शेतात आम्ही दोन दिवस जेवलो. उपाशी मोजू नका म्हणाल्या, उपाशी माणसाची हद्द वाकडी जाते."

सेकेलाबाईंचं शेत. मुलगी सहज म्हणाली होती, जसं कुणी सेकेलाबाईंची छत्री म्हणेल. तिला तीस प्रती हव्या होत्या. अंबोकिलेने तीस काढल्या, त्यातलं तिसरं पान दर वेळी थोडं गडद. ती गेल्यावर त्याने झाकण उचलून तिसरं पान पुन्हा एकदा ठेवलं असतं, पण मूळ कागद ती घेऊन गेली होती. मग त्याच्या लक्षात आलं की शर्टाच्या खिशात एक घडी आहे. एकतिसावी प्रत त्याने कधी काढली आणि कधी घडी घातली ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

शहरात तो भाड्याच्या तीन खोल्यांत राहत होता. घरमालक भाडं वाढवायची भाषा करू लागला, किंवा गल्लीच्या तोंडाशी नवं, मोठ्या यंत्राचं दुकान उघडलं, की अंबोकिले अगदी शांतपणे म्हणायचा, "नाही जमलं तर गावी जाईन. माझं शेत आहे तिकडे." हे वाक्य त्याने इतक्या वर्षांत इतक्या लोकांना ऐकवलं होतं की त्या वाक्याचीच एक जमीन तयार झाली होती, आणि तो तिच्यावर उभा होता. तिथे तण वाढत नसे, पाऊस फार होत नसे, गुरं शिरत नसत. खरं शेत वेगळं होतं. ते रुंग्वे डोंगराच्या उतारावर होतं, वर्षातले नऊ महिने धुक्यात, आणि तिथे तो वर्षातून एकदा, फार तर दोनदा, जाऊन केळ्यांचे दोन घड तोडून आणत असे. घड सेकेलाच तोडून, दोरीने बांधून देई. तो ते बसच्या टपावर चढवी. आणि बस सुटताना दर वेळी त्याला वाटे की आपण आपल्याच बागेतून आलो. हे वाटणं खोटं नव्हतं. ते केळ्यांच्या वासासारखं खरं होतं. पण आता त्या वाटण्याखाली कुणीतरी हात घालून बघितलं होतं, आणि खाली काय होतं ते कागदावर उतरलं होतं.

संध्याकाळी त्याने घरी ते सांगितलं. त्याची बायको लुगानो बटाटे सोलत बसली होती.

"सेकेलाने जमीन आपल्या नावावर करून घेतली," तो म्हणाला.

"करून घेतली, की झाली?"

"त्यात काय फरक आहे?"

"करून घेतली म्हणजे तुमची होती. झाली म्हणजे तिचीच होती, लिहायची तेवढी राहिली होती."

"मला विचारायला नको?"

लुगानोने बटाट्याचा डोळा सुरीच्या टोकाने काढला. "तुम्ही त्या शेतात शेवटची कुदळ कधी मारलीत?"

तो आठवू लागला, आणि आठवताना त्याला खरंच कुतूहल वाटू लागलं. आईच्या वेळी, सहा वर्षांपूर्वी? पण आईची कबर गावातल्या पोरांनी खणली होती. तो मोठा मुलगा म्हणून कोट घालून उभा होता आणि त्याने भाषण केलं होतं. त्याआधी वडिलांच्या वेळी? तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि हाताला जखम होती. त्याहून मागे गेलं की शाळा होती, आणि शाळेच्या शेवटच्या वर्षांतली एक सकाळ होती: धुकं, गार चिखल पायाच्या बोटांमध्ये, आणि पुढे सेकेला, त्याच्याहून सात वर्षांनी लहान, डोक्यावर केळीच्या पानाची चुंबळ. कुदळ तिच्या खांद्यावर होती.

"तुम्हाला जायचंय का?" लुगानोने विचारलं.

"जाऊन बघायला हवं."

"जा की. येताना तिच्याकडचं विरजलेलं दूध आणा. आणि तिथे जाऊन मोठेपणा करू नका. मी या घरात आहे ती तिच्या गाईंवर. दोनदा."

हे ती वर्षातून एकदा म्हणायची, रागाने नाही, घड्याळाला किल्ली द्यावी तशी. सेकेला सतराची असताना तिचं लग्न खाली, तळ्याकाठच्या गरम मुलखात झालं. तिकडून पाच गाई आल्या, आणि त्याच पाच गाई वर्षभरात लुगानोच्या वडिलांच्या गोठ्यात गेल्या. तशीच रीत होती. बहिणीच्या गाईंनी भावाची बायको येते, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. अंबोकिलेलाही वाटलं नव्हतं. त्याला तर ते छान वाटलं होतं, जणू बहिणीने जाता जाता हात पुढे करून कुणालातरी आत घेतलं. सात वर्षांनी सेकेला परत आली, पाठीला मुलगी बांधलेली. नवऱ्याने दुसरी आणली होती, पण ती त्यासाठी आली नव्हती. तो मारायचा. तिच्या डाव्या कानाला तेव्हापासून कमी ऐकू येतं.

दार-ए-सलामहून मुलाचा, ग्वामाकाचा, फोन आला तो दुसऱ्या दिवशी दुकानात. आईकडून त्याला कळलं होतं.

"बाबा, हरकत नोंदवा. तुम्ही मोठे आहात. अजून दिवस असतील ना?"

"आहेत थोडे."

"इथे एक माणूस आहे, तुकुयूच्या बाजूच्या उतारावरच्या जमिनी घेतोय. अॅवोकाडोसाठी. चांगला माणूस आहे."

"तुझ्या आत्याने तिथे अॅवोकाडोच लावलेत."

"मग तर उत्तमच. लावलेली बाग कोण सोडेल? बाबा, मी माझ्यासाठी म्हणत नाही."

"बघू," अंबोकिले म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर तो शब्द दुकानात राहिला. गिऱ्हाईक आलं, गेलं, यंत्र गरम झालं, त्याने कागदाचं नवं रीम फोडलं, आणि शब्द तिथेच होता, काउंटरच्या काचेवर कोपर टेकून उभा असल्यासारखा. हा शब्द त्याने पूर्वी एकदा वापरला होता. सेकेला परत आली त्याच्या पुढच्या महिन्यात घरापुढे मोठी माणसं बसली होती. अंडुलिलेकाका, वडिलांचा चुलतभाऊ, मधल्या स्टुलावर. सासरची माणसं म्हणत होती की बाई तरी परत द्या नाहीतर गाई तरी. काकांनी त्याच्याकडे बघितलं होतं. "पोरा, तूच आता बापाच्या जागी. गाई तुझ्या लग्नात गेल्यात. काय म्हणतोस?" आणि अंबोकिले, लग्नाला सहा वर्षं झालेला, शहरात एका छापखान्यात नुकताच लागलेला, पायाखालच्या गवताची काडी चावत म्हणाला होता, "बघू." सेकेला दाराच्या चौकटीत उभी होती. तिने चांगल्या कानाने ते ऐकलं असणार. ती आत गेली. पुढे त्याने काहीच बघितलं नाही. मिशनमधल्या बायकांच्या गटातून तिला एक कालवड मिळाली, अशा बोलीवर की पहिलं वासरू शेजारणीला द्यायचं. दुसरं तिचं. मग तिसरं. नऊ वर्षांत तिने पाच गाई परत केल्या. प्रत्येक गाय तिने स्वतः चालवत खाली नेली, दोन दिवसांची वाट, पावसात, एका हाताने दोरी आणि दुसऱ्याने छत्री. तिसऱ्या वेळची गोष्ट त्याला एका ट्रक ड्रायव्हरने सांगितली होती: तुझी बहीण बघितली किवीराच्या पुलावर, गाय पाणी पीत होती आणि ती उभ्या उभ्या वाट बघत होती. शेवटची गाय पोचवून ती परत आली तेव्हा, म्हणे, ती चोवीस तास झोपली, आणि उठून तिने दोरी धुतली.

शनिवारी तो निघाला. छोट्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. उयोले सोडल्यावर रस्ता वर चढतो, मग हिरवं खाली सांडत जातं, बटाट्याची पोती रस्त्याच्या कडेला उभी, आणि किवीराच्या पुढे धुकं सुरू होतं, उन्हाळा असो की थंडी. अंबोकिलेने मनात एक भाषण तयार केलं. ते संमतीचं भाषण होतं. तो स्वतःच्या उदारपणावर थोडा भाळलाही. "सेकेला, आपल्या वडिलांची जमीन, मोठा म्हणून माझी, पण मी विचार केला." इथे तो थांबायचा, कारण काय विचार केला हे पुढे येत नव्हतं. गाडीत एक बाई मांडीवर कोंबडी घेऊन बसली होती आणि कोंबडी त्याच्याकडे एका डोळ्याने बघत होती. त्याने भाषण पुन्हा सुरू केलं. "मी, मोठा भाऊ या नात्याने, तुला देतो." देतो हा शब्द बरा वाटला. पण तुकुयू आलं, पुढे मोटारसायकल करावी लागली, आणि मोटारसायकलवर, दोन्ही गालांवर धुक्याचं पाणी घेत, चिखलात सरकताना माणसाला मोठं भाषण धरून ठेवता येत नाही. लुसुंगोच्या वाटेवर उतरला तेव्हा त्याच्याजवळ फक्त देतो हा शब्द उरला होता, आणि ओले मोजे.

केळीच्या पलीकडे, जिथे पूर्वी घेवडा असायचा, तिथे काळी जाळी ताणलेली होती आणि तिच्या सावलीत आठ-नऊ बायका बुटक्या स्टुलांवर बसून कलमं बांधत होत्या. काळ्या पिशव्यांतून रांगाच्या रांगा रोपं. एकीच्या हातात सुरी, दुसरी चीर देऊन फांदी बसवते, तिसरी पट्टी गुंडाळते. त्यांचे हात थांबले नाहीत. तोंडं मात्र वळली.

"बूट काढा, साहेब," एक जाडजूड म्हातारी म्हणाली. तिचं नाव तुंपे. तिला तो लहानपणापासून ओळखत होता आणि तीही त्याला. "इथली माती बुटाला सोडत नाही. सेकेला, भाऊ आला ग तुझा. यादी लागल्याचं कळलं वाटतं."

बायका हसल्या. दुसरी म्हणाली, "यादी लागल्यापासून रोज कुणाचा ना कुणाचा भाऊ येतोय. माझा तर झांबियातून आला. मेलाय असं समजून मी दोनदा रडले होते."

"मग?" तुंपेने विचारलं.

"मग काय, जेवला, झोपला, यादी बघितली, गेला. जाताना म्हणाला, बहिणी, बारीक झालीस. मी म्हटलं, तू बघितलंस केव्हा मी जाड होते ते."

सेकेला सगळ्यांच्या मागे होती. पन्नाशीला आलेली, उंच, मनगटापर्यंत मातीचे हात. पूर्वी ती भाऊ आला की गुडघे टेकून नमस्कार करायची, जशा सगळ्याच बहिणी करतात. आता तिने मान वर केली, दातात धरलेली पट्टी काढली आणि जागेवरूनच नमस्कार केला. "न्डागा, दादा. हातातली फांदी सुकेल, एवढी बांधते. बस तिथे पोत्यावर."

तो पोत्यावर बसला. आपल्याला वाईट वाटेल असं त्याला वाटलं होतं, आणि तो वाईट वाटायची वाट बघत राहिला. उलट सुटल्यासारखं झालं. एवढी वर्षं ती गुडघे टेकायची तेव्हा तिच्या डोक्यावरून पलीकडे कुठे बघायचं हे त्याला कधीच कळलं नव्हतं. आता ती कामात होती आणि तो तिच्याकडे बघू शकत होता. तिच्या कपाळावर वडिलांसारखी आडवी रेघ आली होती. फांदी बसवताना ती श्वास रोखायची. रोप बाजूला ठेवताना ती त्याच्या खोडावर अंगठा ठेवायची, अर्धा क्षण, ताप बघितल्यासारखा.

घरात तिने त्याला घेवड्यात शिजवलेली केळी वाढली, वाडग्यात विरजलेलं दूध. भिंतीवर तिच्या मुलीचा, अटुगानिलेचा, नर्सच्या गणवेशातला फोटो होता. अंबोकिलेने दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "मला आधी सांगायचंस."

"सांगितलं होतं. गेल्या ईस्टरला, फोनवर. मोजणी येणार आहे, मी माझं नाव सांगणार आहे, असं म्हटलं. तू म्हणालास, बघू."

त्याला ते आठवत नव्हतं, पण शंका घ्यायला जागा नव्हती.

"रागावलास?"

"नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "माहीत नाही."

"रागावलास तरी चालेल. तीस दिवस त्यासाठीच ठेवलेत." ती त्याच्या समोर बसली. चांगला कान त्याच्याकडे. "दादा, तू वाईट नाहीस. मला कधी उठ म्हणाला नाहीस. पण आई गेल्यावर मी रोज सकाळी जागी व्हायचे ना, तेव्हा पहिला विचार तोच यायचा. आज येईल आणि म्हणेल, ऊठ. तू नाही तर तुझा ग्वामाका. तू ऊठ म्हणाला नाहीस, पण बस असंही कधी म्हणाला नाहीस. तू फक्त केळी न्यायचास."

"मी विचारच केला नाही."

"तेच. मला करावा लागायचा." तिने त्याच्या वाडग्यात आणखी दूध ओतलं. "या उतारावर अॅवोकाडो येतो हे मला कधीचं माहीत होतं. पण त्याला फळ धरायला चार वर्षं लागतात. चार वर्षांनी आपण इथे असू की नाही हे जिला माहीत नाही ती झाड लावत नाही. घेवडा लावते. घेवडा तीन महिन्यांत हातात येतो, तेवढे दिवस तर कुणी उठवत नाही. मी किती वर्षं घेवडा लावला तू मोज. मग तुंपे म्हणाली, वेडे, लाव. झाडं उभी राहिली की तुला उठवायला त्यांनाही उठवावं लागेल. लावली. पण पहिल्या वर्षी पानं फुटली तेव्हा मला आनंद झाला नाही, भीती वाटली. आता एवढं छान दिसतंय म्हणजे कुणाच्या तरी डोळ्यांत येणार."

अंबोकिलेने वाडगा खाली ठेवला. देतो हा शब्द त्याच्याजवळ अजून होता, तोंडात, फळाच्या बीसारखा. तो टाकायला जागा सापडत नव्हती. तिला त्याने द्यावं असं तिच्या या बोलण्यात कुठेच नव्हतं. ती फक्त सांगत होती, एखादी बाई जुनं दुखणं बरं झाल्यावर सांगते तशी, चवीने. बाहेरून बायकांचं हसणं येत होतं. त्याच्या पायाचे तळवे गार मातीवर होते आणि त्याला वाटलं, या घरात मी इतक्यांदा जेवलो, पण बूट कधी काढले नव्हते.

"चल," सेकेला म्हणाली. "आज शनिवार, समिती बसलीय. तुला जे काही सांगायचंय ते तिथे सांग. मी सोबत येते, पण मध्ये बोलणार नाही."

गावाच्या कचेरीच्या भिंतीवर यादी लावलेली होती. त्याचीच प्रत. तिसरं पान गडद होतं, तरी मध्यावर दोन-तीन ठिकाणी बोटांनी पुसट झालं होतं. आत लांब टेबलामागे चार बायका आणि पाच पुरुष, आणि टोकाला बुपे, गावाची सचिव, तिशीतली, केस आखूड. दारापाशी बाकावर अंडुलिलेकाका काठीवर हनुवटी टेकवून बसले होते. त्यांचं वय किती असावं हे आता कुणी विचारत नव्हतं.

"आलास," काका म्हणाले. "हरकत घ्यायला?"

"काका, तुम्ही सही केलीत?"

"दक्षिणेची हद्द माझी. केली." काकांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "माझ्या केळीला पाणी तिच्या ओढ्यावरून येतं. आणि दुपारचं जेवण तिच्या घरून. तुझ्याकडून काय येतं?"

अंबोकिलेला हसू आलं आणि त्याने ते येऊ दिलं. रांगेत पुढे दोघं होते. मग त्याचा नंबर आला. तो टेबलासमोर उभा राहिला, हात पाठीमागे बांधले, आणि म्हणाला, "मी अंबोकिले म्वाकातोबे. सेकेलाचा मोठा भाऊ. मला असं म्हणायचं आहे की मोठा मुलगा या नात्याने माझी सही लागत असेल तर मी ती..."

"तुमची सही लागत नाही, काका," बुपे म्हणाली. ती तुसडेपणाने म्हणाली नाही, तिला फक्त घाई होती. "सह्या शेजाऱ्यांच्या लागतात. तुम्ही हद्दीला लागून नाही."

"नाही," तो म्हणाला. "खरं आहे. नाही."

"हरकत आहे का?"

"हरकत नाही."

"मग आम्ही काही लिहीत नाही. असली तरच लिहितो." तिने नोंदवहीचं पान उलटलं, ओळींवरून बोट फिरवलं आणि थांबली. "पण थांबा. तुमचं नाव आहे की इथे."

"यादीत तर नव्हतं."

"यादीत हक्कदार असतो. बाकीचं वहीत असतं." तिने वाचलं, सरकारी आवाजात, एका लयीत. "हक्कदार सेकेला म्वाकातोबे, तिच्यामागे मुलगी अटुगानिले. शेरा. मोठा भाऊ अंबोकिले याला हयातभर घर बांधून राहण्यास वाटेच्या बाजूची जागा, आणि मृत्यूनंतर आई-वडिलांच्या शेजारची जागा. यास कोणीही अडवू नये."

"हे कुणी लिहायला सांगितलं?"

"त्यांनीच. आम्ही म्हटलं गरज नाही, भाऊच आहे. तर म्हणाल्या, माझ्यामागे कुणीतरी त्याला ऊठ म्हणेल, लिहून ठेवा." बुपेने मान वर केली. "पुढचे."

सेकेला दारापाशी काकांच्या शेजारी बसली होती आणि काकांच्या कोटाचं बटण लावून देत होती. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. अंबोकिले तिच्याजवळून बाहेर आला आणि कचेरीच्या मागे, जिथे कुणी नव्हतं, तिथे जाऊन उभा राहिला. समोर उतार होता, चहाचे ताटवे कापून ठेवल्यासारखे सपाट, आणि धुक्याला मध्येच एक भोक पडून तेवढ्यावर ऊन. मी द्यायला आलो होतो, तो मनाशी म्हणाला, आणि ते वाक्य त्याला इतकं विचित्र वाटलं की ते दुसऱ्या कुणाचंतरी असावं. त्याला रडू आलं नाही. छातीत काहीतरी सैल झालं, बसमधून उतरल्यावर कमरेचा पट्टा एक भोक ढिला करावा तसं. सत्तावन्न वर्षांचा तो, त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासाठी कुठेतरी लिहून ठेवलं होतं की यास कोणीही अडवू नये. आणि ते लिहायला कुणी सांगितलं तर जिला रोज सकाळी उठवलं जाण्याची भीती वाटायची तिने. त्याची आठवण ठेवून तिने ती भीती त्याच्या वाट्यातून काढून टाकली होती. तिच्या वाट्याची त्याने कधी काढली नव्हती, आणि आता काढायलाही उशीर झाला होता. तिने ती स्वतःच काढली.

परत येताना सेकेला पुढे आणि तो मागे, बूट हातात. काही अंतर गेल्यावर तो म्हणाला, "त्या दिवशी, माणसं बसली होती तेव्हा, मी बघू म्हणालो होतो."

"हो."

"मी काही बघितलं नाही."

"नाही." ती चालत राहिली. मग म्हणाली, "गाई चांगल्या होत्या रे. शेवटचीला तर सोडून यायला नको वाटत होतं. तिला माझा आवाज कळायचा." थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "लुगानो बरी आहे ना? तिला दूध देते बरोबर."

वाटेच्या बाजूच्या हद्दीवर लांब पात्यांची झाडं लावलेली असतात. ती झाडं म्हणजेच हद्द, त्यांना कुणी तोडत नाही. काकांच्या गाईने परवा त्यातली पाच मोडली होती. सेकेलाने शेडच्या मागून ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या फांद्या आणल्या आणि कुदळ त्याच्या हातात दिली. "माझी कलमं राहिलीत. तू एवढं कर. फांदी नुसती खोचली तरी जगते, पण खड्डा नीट घे."

त्याने कुदळ मारली. पहिल्या चार घावांत तळहाताला कळलं. पाचव्याला लय सापडली. फोन वाजला तेव्हा तो दुसऱ्या खड्ड्यात होता.

"बाबा, झालं का? नोंदवली?"

"नाही."

"का?"

"ती जमीन आत्याची आहे," अंबोकिले म्हणाला, आणि थांबला, पायाखाली काही खचतं का ते बघत. काही खचलं नाही. पायाखाली चिखल होता, बोटांमध्ये आलेला.

"मग तुम्ही तिकडे काय करताय?"

"हद्दीची झाडं लावतोय."

"आत्याची?"

"आत्याची."

"बरं," ग्वामाका म्हणाला. नाराज होता, पण आवाजात थोडं दुसरंही काही होतं. "मी आलो कधी तर राहायला मिळेल?"

"तिलाच विचार. पण बूट काढावे लागतील."

त्याने पाचही झाडं लावली. माती दाबली, पायाने, मग हाताने. लावताना त्याने सहज, वाटेने जाणाऱ्यांना जरा मोकळं व्हावं म्हणून, ती मूळ रांगेपासून थोडी आत घेतली. चांगलं दिसलं त्याला ते, ऐसपैस. सेकेला हात पुसत आली, कंबरेवर हात ठेवून रांगेकडे बघत राहिली, एक डोळा मिटून. मग तिने आपलं पाऊल टाचेला टाच लावून दोनदा टाकलं.

"दादा, एक हात आत घेतलेस."

"वाट अरुंद आहे. म्हटलं, लोकांना बरं पडेल."

"वाट त्यांच्या मापाची आहे, मोजलीय. ही माझ्या मापाची." ती रागावली नव्हती. ती हसतही नव्हती. "काढ. परत लाव."

"पाचही?"

"पाचही."

पलीकडून तुंपेने काहीतरी म्हटलं आणि बायकांमध्ये हशा पिकला. अंबोकिलेने शर्टाच्या बाह्या आणखी वर सारल्या, पहिलं झाड मुळाशी धरून हलकेच उपटलं, आणि एक हात पुढे, जुन्या बुंध्यांच्या रेषेत, कुदळ ठेवून तिच्याकडे बघितलं.

"इथे?"

"आणखी बोटभर," सेकेला म्हणाली. "हं. तिथे."